पहिल्या वीस लेव्हल

माझ्या मुलीने केलेल्या गेमला 'कॉपी' म्हणणारी पहिली व्यक्ती मीच. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांचा समाचार घेणार आहे आणि मधेच कोणी मला याची आठवण करून दिलेली चालणार नाही.

रविवारची दुपार होती. जेवणं झाली होती, मी ओटा पुसत होते. मुलीने तिचा फोन माझ्या ओल्या हातात ठेवला. "आई, बघ." स्क्रीनवर काचेच्या बाटल्या, बाटल्यांत रंगांचे थर. एका बाटलीतला रंग दुसरीत ओतायचा, लालवर लाल, निळ्यावर निळा. प्रत्येक बाटलीत एकच रंग उरला की जिंकलात. हा खेळ माझ्या स्वतःच्या फोनवर दोन वर्षांपासून आहे. कारखान्याच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघी तोच खेळतो. मी दोन लेव्हल खेळले आणि फोन परत दिला.

"हा तर आहेच की. कॉपी केलीस?"

"हो," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या 'हो'चा अर्थ मला कळायला हवा होता. चोवीस वर्षं मी तिला ओळखते. पण ओट्यावर तेल सांडलं होतं आणि मला ते आधी काढायचं होतं.

मुलगी ठाण्यात एका ऑफिसात दुसऱ्यांनी केलेली ॲप तपासण्याचं काम करते. कुठलं बटण दाबलं की काय बिघडतं याच्या याद्या करायच्या, दिवसभर. हा गेम ती दीड वर्ष घरी करत होती. मला वाटायचं कसलासा कोर्स चालू आहे. ठाण्यातच एक गेमवाली कंपनी आहे. ती नवख्या लोकांकडून गेम मागवते, त्यातला एक निवडते आणि करणाऱ्याला नोकरीवर घेऊन तो पूर्ण करून घेते. जागा एक. अर्जावर ठळक अक्षरांत अट होती, क्लोन, म्हणजे दुसऱ्या गेमच्या नकला, पाठवू नयेत. मुलीने गेम पाठवला होता आणि तिला ती जागा हवी होती. किती हवी होती हे मला उत्तर आलं त्या दिवशी समजलं. तिने डबा न उघडता परत आणला होता.

उत्तर दोन ओळींचं होतं. गेम नीट बनवला आहे, पण तो बाजारात असलेल्या बाटल्यांच्या गेमचा क्लोन आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

"किती खेळून बघितला त्यांनी?" मी विचारलं.

"चार लेव्हल. पावणेसहा मिनिटं."

"तुला काय माहीत?"

"गेम नोंद ठेवतो. कोण किती खेळलं ते मला दिसतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू दोन खेळलीस."

मी तिचा न उघडलेला डबा ओट्यावर नेऊन रिकामा केला.

त्याच आठवड्यात माझे धाकटे दीर कल्याणहून आले. ते शिळफाटा रस्त्यावर नव्या इमारतींतले फ्लॅट विकतात. चहा हातात यायच्या आत त्यांनी सुरुवात केली. "काय मग, गेमवाल्या बाई? तुमची झेरॉक्स पकडली म्हणे?"

मुलगी हसली नाही. "पकडली, काका."

"अगं, मग काहीतरी नवीन कर ना! आपली मराठी पोरं नुसती दुसऱ्याचं बघून करतात. युनिक पाहिजे, युनिक."

"भावजी," मी म्हटलं, "तुमच्या प्रोजेक्टमध्ये टॉवर किती?"

"चार."

"नकाशे किती?"

"वहिनी, ते वेगळं असतं."

"एकच नकाशा, चार वेळा छापलेला. शेजारच्या बिल्डरचाही तोच. किचनमधून बाल्कनी, बाल्कनीतून दुसऱ्याचं किचन. आणि तुमच्या बोर्डावर काय लिहिलंय?"

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. बोर्डावर 'युनिक' लिहिलेलं आहे, आम्ही सगळ्यांनी ते येता-जाता वाचलेलं आहे.

ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "तू माझ्या बाजूने भांडू नकोस. तू पण तेच म्हणाली होतीस." खरं होतं, आणि खरं असल्यामुळे जास्त लागलं.

मला लागण्याचं आणखी एक कारण होतं. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात लॅब सांभाळते. सत्तावीस वर्षं माझं काम एकच आहे, दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींत फरक आहे की नाही ते सांगणं. आमच्याकडे कोणताही माल निघाला की त्याची तुलना जपून ठेवलेल्या नमुन्याशी होते. त्या नमुन्याला आम्ही स्टँडर्ड म्हणतो. एका भांड्यात स्टँडर्ड, दुसऱ्यात नवा माल, दोन्हींत त्याच सुताच्या लड्या, तेच पाणी, तेच मीठ, तेवढाच वेळ. लड्या धुवायच्या, वाळवायच्या आणि उत्तरेच्या खिडकीपाशी उजेडात शेजारी शेजारी धरायच्या. मग बोलायचं. पावडर बघून कोणी बोललं तर मी त्याला लॅबबाहेर काढते. पावडर सगळ्या सारख्याच दिसतात. काळा रंग डब्यात काळा दिसतो आणि निळाही काळाच दिसतो. नव्या पोरींना पहिल्या दिवशी मी हे ओरडून सांगते, कारण हळू सांगितलं तर त्या विसरतात.

आणि मुलीचा दीड वर्षाचा माल मी डब्याचं झाकण उघडून, आत नाक खुपसून, नापास केला होता.

एमआयडीसीच्या आमच्या फेजमध्ये एकच काळा रंग बनवणारे कितीतरी कारखाने आहेत. तो आमच्यापैकी कोणीच शोधलेला नाही. कुठल्या तरी परदेशी माणसाने तो कधीच शोधून ठेवला, आम्ही सगळे बनवतो. गिऱ्हाईक विचारतं, धुतल्यावर किती सुटतो? घामाने उतरतो का? क्लोन आहे का, असं मला आजवर एकाही कापडवाल्याने विचारलेलं नाही. माल खरोखर चोरीचा असतो तेव्हा ते कळतं. एका व्यापाऱ्याने दुसऱ्याचा रंग आणून नुसतं लेबल बदललं होतं. त्यातला कचरासुद्धा तोच निघाला, तेवढाच. मी तसं लिहून खाली सही केली. नक्कल ओळखायची तर ती अशी, भिजवून, तपासून. पावणेसहा मिनिटांत नाही.

हे मी लॅबमध्ये बोलले. माझी सहकारी कळव्याची आहे, खाडीकाठच्या कोळी घरातली. तिची आई अजून बाजारात बसते. ती म्हणाली, "मॅडम, लोक आमच्या आईला पण बोलतात, सगळ्या पाट्यांवर एकच पापलेट आहे, भाव का वेगळा. आई बोलते, मग घे ना बाजूचीकडून, नि संध्याकाळी नाक धरून जेव." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण तुम्ही खेळलात का पूर्ण? की नुसत्याच चिडलाय?"

मी नुसतीच चिडले होते.

त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर दोन फोन ठेवले. माझ्या फोनवर जुना गेम, मुलीच्या फोनवर तिचा. शेजारी वही. लॅबमध्ये आखते तसे दोन रकाने आखले. मुलगी समोर बसून मोबाइलचा चार्जर उगाच गुंडाळत, उलगडत होती.

"तू काय करतेयस?"

"टेस्ट."

"आई, प्लीज."

"गप्प बस. सॅम्पल बोलत नसतं."

पहिली लेव्हल, दोन्हीकडे सारखी. दुसरी सारखी. तिसरी सारखी. सारखी म्हणजे जवळपास सारखी नव्हे, तीच. कुठल्या बाटलीत कुठला थर कितवा, सगळं तेच. मी लिहीत गेले. दहाव्या लेव्हलला माझा संताप पुन्हा दिशा बदलू लागला. विसाव्याला वही मिटली.

"वीसच्या वीस त्यांच्या आहेत. एक थर इकडचा तिकडे नाही. मग कंपनीचा तो माणूस चूक काय बोलला?"

"पुढे खेळ."

"चोरी करून वर तोंड..."

"पुढे खेळ ना!"

तिच्या गेमच्या एकविसाव्या लेव्हलला मी नेहमीसारखा मरून रंग रिकाम्या बाटलीत काढला, मग परत ओतून घेतला आणि त्याच बाटलीत पिवळा टाकला. पिवळा चिखलासारखा झाला. मरून निघून गेला होता, पण बाटलीच्या काचेला त्याचा पुसट थर राहिला होता. मी बाटली विसळली, तशी सोय होती. विसळलेलं पाणी स्क्रीनच्या तळाशी एका गटारात गेलं आणि गटार लालसर झालं. पुन्हा चुकले, पुन्हा विसळलं. चौथ्यांदा गटार काळं झालं आणि खेळ संपला.

चार वेळा हरल्यावर मी थांबले आणि विचार केला. मग पिवळा आधी काढला. तो परत घेतल्यावर त्याच बाटलीत न विसळता मरून ओतला. मरूनला पिवळ्याच्या डागाने काहीही झालं नाही. लेव्हल सुटली.

फिकट आधी, गडद नंतर. एकाच भांड्यात लागोपाठ रंग घ्यायचे तर आम्ही असंच घेतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, भांडी घासायचा कंटाळा आलेल्या बायकांनी बसवलेली पद्धत आहे. मी लॅबच्या कटकटी रोज जेवताना सांगते. घरात कोणी ऐकतं असं मला वाटत नव्हतं.

मला भरून वगैरे आलं नाही. मी तिच्यावर ओरडले. "हे एकविसाव्या लेव्हलवर का ठेवलंस? इथपर्यंत कोण येणार आहे?"

"तूच म्हणतेस ना," ती पण ओरडली, "आधी स्टँडर्ड चालव! पाणी, मीठ, सोडा बरोबर आहे हे आधी कळू दे, मग सॅम्पल घाल. मी तेच केलं. आधी लोकांना त्यांचा गेम दिला. तो बरोबर चालतो हे दिसलं की मग फरक दाखवला. नाहीतर लोक म्हणणार, हिला जमलंच नाही, रंग मिक्स होतायत, बग आहे."

मला वहीने तिच्या डोक्यात मारावंसं वाटलं. असली चूक करायला रंगाच्या कारखान्यातल्या बाईच्या पोटीच जन्माला यावं लागतं.

"अगं, स्टँडर्ड आपल्या खात्रीसाठी असतं. ते आपण लॅबमध्ये ठेवतो. गिऱ्हाइकाला पाठवतो का? तू त्या माणसाला दुसऱ्याच्या मालाचे वीस डबे पाठवलेस आणि आपला एकविसावा."

"त्याने एकविसावा उघडायला हवा होता."

"हवा होता. आळशी आहे तो. पण वीस डब्यांवर तू सही केली आहेस."

ती उठून आत गेली. दार आपटण्याइतका जोर अजून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना मी तिला म्हटलं, "त्यांना लिही. पुन्हा बघा म्हणावं."

"भीक मागू?"

"भीक कसली? माल नापास झाला तर रीटेस्ट मागता येते. ताजं सॅम्पल द्यायचं, एवढंच."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर आता काय हो म्हणालेत?"

तिने लिहिलं. शनिवारी दुपारी पंधरा मिनिटं, व्हिडिओ कॉलवर, असं उत्तर आलं. हातात चार दिवस होते. तिने पहिल्या वीस लेव्हल काढून टाकल्या. काढताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. चोरलेल्या का होईना, दीड वर्ष जवळ ठेवलेल्या होत्या. त्यांच्या जागी फरक लगेच दाखवणाऱ्या तीन नव्या केल्या. मी रोज संध्याकाळी त्या खेळून तोंडावर सांगत होते. ही अवघड. ही फालतू. इथे गटार फार लवकर भरतं. सूचना लिहायच्या की नाही यावर आमचं दोन दिवस भांडण झालं. तिचं म्हणणं, लिहायच्या नाहीत, हरून कळलं पाहिजे. माझं म्हणणं, माणसं हरली की कळून घेत नाहीत, शिव्या देतात. शेवटी सूचना नाहीत असं ठरलं. गेम तिचा होता.

शनिवारी ती टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात पावटा सोलत होते, तिकडच्या माणसाला दिसणार नाही अशी. तिने आधीच बजावलं होतं, "तू एक शब्द बोलायचा नाहीस."

पडद्यावर आलेला माणूस तिशीचा असेल. घरात बसून टोपी घातलेली. "हाय, हां, बोल. तुझा तो बॉटलवाला ना?" पहिल्या वाक्यापासून 'तू'. मी पावटा जरा जोरात सोलला.

"हो. सुरुवात बदलली आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही खेळा. मी काही सांगणार नाही."

तो खेळू लागला. त्याच्या स्क्रीनवरचं तिला दिसत होतं, मला तिची मान दिसत होती. थोड्या वेळाने तो म्हणाला, "अरे, हे काय? कलर खराब झाला. बग आहे हा."

"बग नाही. तुम्ही मरून आधी ओतलात."

"मग? रिकामीच होती ना बॉटल?"

"रिकामी होती. स्वच्छ नव्हती."

तो पुन्हा खेळला. "च्यायला," असं हळूच ऐकू आलं. मग, "एक मिनिट हां, एक मिनिट." पंधरा मिनिटं होऊन गेली. माझा पावटा संपला, मी रिकाम्या शेंगा पुन्हा तपासत बसले. पंचविसाव्या मिनिटाला तो खुर्चीत मागे टेकला.

"ओके. वेगळा आहे. मस्त आहे, खरंच. क्लोन नाहीये."

मुलीची मान जराही हलली नाही. "मग?"

"मग प्रॉब्लेम असा आहे बघ, मला कळलं, पण मी पंचवीस मिनिटं दिली. पब्लिक देणार नाही. लोक आयकॉन बघतात. बाटल्या दिसल्या की क्लोनच बोलणार. तू बाटल्या काढ. प्लॅनेट टाक. नाहीतर मांजरी. मांजरी खूप चालतात."

"मांजरींत रंग ओतायचा?"

"म्हणजे, कन्सेप्टली."

"रंग काचेला चिकटतो म्हणून हा गेम आहे. बाटली विसळता येते म्हणून गटार आहे. मांजर विसळायची का?"

तो हसला. हसणं वाईट नव्हतं, हे मला मान्य करावं लागेल. "दोन आठवडे घे. बाटल्या बदल, जागा तुझी. मी आत्ताच सांगतो, बाकी कोणाचा एवढा चांगला नाहीये."

मी दारातून हाताने खुणा केल्या. हो म्हण. हो म्हण आणि मग बघू. तिला मी कडेने दिसत असणार, पण तिने बघितलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

"शुअर?"

"शुअर."

"तुझी मर्जी," तो म्हणाला आणि पडदा रिकामा झाला.

शेंगांची टोपली मी ओट्यावर आदळली. "अगं, जागा देत होता तो! हातात देत होता! दोन आठवडे तर म्हण. आठ दिवसांनी नाही म्हणता येत नव्हतं?"

"तू पास झालेल्या मालाचं लेबल बदलायला सही करशील?"

"करीन. लेबल बदलायला काय जातं?"

"लेबल नाही बदलायला सांगितलं त्याने. माल बदलायला सांगितला. का, तर लोक पावडर बघतात म्हणून."

माझंच वाक्य माझ्या अंगावर फेकलेलं मला आवडत नाही. मी कुकर लावला. अजूनही माझं मत आहे की तिने मुदत घ्यायला हवी होती. मी तिला ते सांगितलं आहे, एकदा नाही, आणि पुन्हा सांगेन. पण त्या माणसाचं मला अजिबात पटलेलं नाही. पहिल्यांदा त्याने पुरतं न खेळता क्लोन म्हटलं. दुसऱ्यांदा खेळला, क्लोन नाही हे त्याच्या तोंडून निघालं, आणि तरी जे न खेळता बोलतात त्यांच्या धाकाने त्याने गेम नाकारला. पहिला आळस होता. तो मला कळतो, मीही केला. दुसऱ्याला काय म्हणायचं ते मला छापता येणार नाही.

रविवारी तिने गेम स्वतःच्या एकटीच्या नावावर ॲप स्टोअरमध्ये चढवला. बाटल्यांसकट. मंगळवारपर्यंत तीन अभिप्राय आले. त्यातला एक असा, सेम गेम आहे, वेळ घालवू नका, एक तारा. तिने नोंद उघडून मला दाखवली. तो अभिप्राय देणाऱ्याने एकच लेव्हल खेळली होती.

बुधवारी ती नेहमीसारखी ऑफिसला गेली. संध्याकाळी माझ्या शेजारी उभी राहून भेंडी चिरता चिरता म्हणाली, "राजीनामा लिहून ठेवला होता मी. आज काढून टाकला."

"कधी लिहिला होतास?"

"गेम पाठवला त्या दिवशी."

भेंडी जाड चिरली जात होती, तेवढं मी सांगितलं.

"आणि गेम?" मी विचारलं.

"पुढच्या दहा लेव्हल करतेय."

"सोप्या कर जरा."

"नाही," ती म्हणाली आणि भेंडी तेवढीच जाड चिरत राहिली.